लिंपलेली खोली

आबांनी उदबत्ती पेटवून खिडकीच्या चौकटीपाशी धरली. धुराची रेघ सरळ वर निघाली, मग थरथरली आणि माझ्या खाटेच्या दिशेनं वाकली.

"ह्या अंगानं येतंय," ते म्हणाले.

आईनं मातीचं घमेलं पुढं सरकवलं. आबांनी दोन बोटांवर माती घेतली, फटीत दाबली, अंगठ्यानं गुळगुळीत केली आणि पुन्हा उदबत्ती धरली. सकाळपासून त्यांनी अशी सगळी खोली तपासली होती. खिडकी, दाराची चौकट, भिंतीच्या फळ्यांमधल्या रेषा. जिथं धूर वाकेल तिथं माती. शेवटी छताखाली हवेसाठी ठेवलेला वीतभर मोखा तेवढा राहिला.

"तो असू द्या की," आई म्हणाली. "पलीकडच्या सनमबाई म्हणत होत्या, तो बुजवायचा नसतो."

"तिचं काय ऐकतीस? खिडकी उघडी ठेवून अंगावर चार गोधड्या घेणारी माणसं ती." आबा स्टुलावर चढले. "तिचं रक्त बर्फातलं. माझी नात विट्याची हाय."

मोखा बुजला. आता धूर छतापर्यंत दोरीसारखा उभा राहिला. आबांनी तो बराच वेळ निरखून पाहिला, मग खाली उतरून हात पुसले आणि माझ्या कुशीतल्या मुलीच्या पायाच्या तळव्याला बोटाच्या पाठीनं स्पर्श केला. दिवसातून दहा वेळा ते असं करायचे.

मुलगी नऊ दिवसांची होती. एक किलो नऊशे ग्रॅम. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की हिला गार होऊ देऊ नका, एवढं एकच सांभाळा. तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माझं माहेर त्या वेळी हिमाचलात, किन्नौर जिल्ह्यातल्या पिओ गावात होतं. आबा गलाईवाले. जुने दागिने वितळवून सोनं-चांदी शुद्ध करायची, हा धंदा. विटा-खानापूर भागातली माणसं या धंद्यापायी देशभर पांगली, तसे आबाही गावं बदलत बदलत तिथं पोचले होते. बाजारात त्यांचं लहानसं दुकान होतं, त्यात भट्टी. खोली लिंपायला आणलेली मातीसुद्धा त्या भट्टीचीच. माझे दिवस फेब्रुवारीच्या शेवटी भरणार होते. जानेवारीत सगळ्यांनी विट्याला उतरायचं असं ठरलं होतं. मुलगी डिसेंबरातच आली. तिला घेऊन दोन दिवसांचा घाटातला प्रवास करायचा नाही, असं दवाखान्यात बजावलं, आणि आम्ही तिघं, म्हणजे आता चौघं, हिवाळ्यासाठी तिथंच अडकलो. माझे यजमान विट्याला बँकेत होते. त्यांची रजा मंजूर होईपर्यंत रस्ता राहील याची खात्री नव्हती.

आबांनी तयारी अशी केली की शेजारपाजारची माणसं बघायला यायची. ओसरीत छताला भिडेल इतकं लाकूड. रॉकेलचे दोन डबे. नळ गोठतात म्हणून पाण्याचं पिंप घरात. तांदूळ, डाळ, बटाटे, दुधाची पावडर, दोन टॉर्च आणि त्यांचे जादा सेल. छतावरचा बर्फ ओढायला फावडं, आणि स्वतःच्या कमरेला बांधायला दोर. दवाखान्यातून लिहून आणलेली औषधं त्यांनी एका डब्यात भरली आणि प्रत्येक बाटलीवर कशासाठी ते चिकटपट्टीवर मराठीत लिहिलं. आई हसून म्हणाली की एवढी तयारी माझ्या लग्नाला सुद्धा केली नव्हती. आबा हसले नाहीत.

का हसले नाहीत ते आम्हाला ठाऊक होतं. माझ्या आधी आई-आबांना एक मुलगा झाला होता. श्रीरंग. आबा तेव्हा धंद्यात नवे होते, उधमपूरला. दुकानामागच्या खोलीत संसार. दोन महिन्यांचा श्रीरंग जानेवारीतल्या एका सकाळी अंथरुणात गेलेला सापडला. गारठ्यानं गेला, असं सगळे म्हणाले. घरात त्याचं नाव निघत नसे. पण मी लहानपणी विट्याच्या वैशाखातसुद्धा कानाला फडकं बांधून शाळेत जात असे आणि मुली मला म्हातारी म्हणायच्या. थंडीचं आणि आबांचं वैर होतं. या नातीच्या वेळी ते पुन्हा समोरासमोर आले होते, आणि या खेपेला आबा तयारीत होते.

आईची तयारी वेगळी. तिनं विट्याहून ओवा, बाळंतशेपा, डिंक आणि वावडिंग आणलं होतं. रोज सकाळी मला आणि बाळाला तेल लावून अंघोळ घालायची, मग लहान शेगडीत मूठभर निखारे, वर ओवा, आणि शेक. पाच-दहा मिनिटांत शेगडी बाहेर. आमच्याकडं बाळंतिणीला शेकशेगडी नाही, असं घर नाही. सनम मावशी, म्हणजे आमच्या घरमालकीण, अंगणापलीकडं राहायच्या. त्यांना या प्रकाराचं नवल वाटायचं. त्यांच्याकडं घर तापवायला पत्र्याची बंद चूल असते. तिला तिकडं तंदूर म्हणतात. तिचं धुराडं छतातून बाहेर गेलेलं. आमच्या बाहेरच्या खोलीतही एक होती. ती तापली की मधलं दार उघडं ठेवायचं आणि माझ्या आतल्या खोलीत ऊब यायची.

सात जानेवारीला बर्फ सुरू झाला. पहिल्या दिवशी वीज गेली, दुसऱ्या दिवशी रस्ता बंद झाल्याची बातमी आली. आबा जवळजवळ खुशीत होते. प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडं उत्तर होतं. वीज गेली, कंदील तयार. नळ गोठला, पिंप भरलेलं. दर चार तासांनी ते छतावर चढून बर्फ ओढायचे, उतरून हात तंदूरवर शेकायचे आणि मगच बाळाच्या तळव्याला लावायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला छतावर मोठा आवाज झाला. वरच्या उतारावरून बर्फाची लाट घसरली आणि तंदूरचं धुराडं मुळापासून वाकवून गेली. दोन मिनिटांत बाहेरची खोली धुरानं भरली. आबा बाहेरच्या खोलीत धावत आले, मधलं दार ओढून घेतलं आणि बाहेरून ओरडले की दार उघडू नका, पोरीच्या नाकात धूर जाईल. मग त्यांनी जळती लाकडं चिमट्यानं उचलून अंगणात फेकल्याचे आवाज आले. पुढचं दार सताड उघडलं असावं, कारण मधल्या दाराची कडी बर्फासारखी गार झाली.

तासाभरात आमची खोलीही निवली. मी मुलीला छातीशी धरून गोधडीत बसले होते. आबा आले, आपला हात आधी काखेत धरून तापवला आणि तिच्या तळव्याला लावला. त्यांचा चेहरा उतरला.

"गार पडलीय."

"पायच गार आहेत, आबा. पोट गरम आहे."

"पायापासनंच सुरुवात होती," ते म्हणाले.

त्यांनी दुकानातली मोठी शेगडी आणली. ती घरात का होती ते मला तेव्हा कळलं. तिचीही तयारी त्यांनी करून ठेवली होती, कोळशाच्या दोन पोत्यांसकट. त्यांनी ती अंगणात पेटवली. कच्चा कोळसा घरात आणणारे ते नव्हते. धूर पूर्ण जाऊ दिला. मग वरची निळी ज्योत जाईपर्यंत थांबले. कोळसा पिकला की नुसती ऊब राहते, त्यात धोका नाही, हे त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. तीस वर्षं त्यांनी निखाऱ्याच्या पुढ्यात बसून काढली होती. त्यांच्या भट्टीला तीन बाजूंनी भिंत असायची आणि चौथ्या बाजूला उघडा बाजार.

आई म्हणाली, "थोडा वेळ ठेवा आन् मग बाहेर न्या."

"धुराडं दुरुस्त होईस्तोवर हितंच राहील," आबा म्हणाले. त्यांनी दार लावलं आणि बाहेरून त्याच्या खालच्या फटीत गोणपाट सारलं. मग छतावर त्यांची पावलं वाजू लागली.

खोली भराभर तापली. शेगडीचा लाल उजेड माती लिंपलेल्या भिंतीवर पडला होता. आईनं माझ्या डोक्यावरचा रुमाल सोडला. मुलीचे पाय गरम झाले, मग गाल लाल झाले. इतके लाल गाल मी तिचे पाहिले नव्हते. आई बघून म्हणाली, "आता बघ कशी दिसतीय. सफरचंदासारखी." आम्ही दोघी बऱ्याच दिवसांनी निवांत बसलो. आईनं मला विट्याच्या घराच्या गोष्टी सांगितल्या, कुणाची सोयरीक कुठं जमली, कुणाची मोडली. मी ऐकत होते. माझं डोकं दुखायला लागलं होतं, पण बाळंतिणीचं डोकं दुखतंच, म्हणून मी काही बोलले नाही.

आबा एकदा आत आले. मुलीचा तळवा बघून त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान आलं की मला भरून आलं. त्यांनी शेगडीत आणखी कोळसा घातला, तोही बाहेर पिकवून आणलेला, आणि लगेच दार ओढून घेतलं.

त्यानंतर किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. आईनं गोष्ट अर्ध्यात सोडली होती आणि मीही पुढं विचारलं नव्हतं. मुलीला पाजायची वेळ झाली होती. मी तिला छातीला लावलं. तिनं तोंड उघडलं नाही. तळव्यावर टिचकी मारली. ती उठली नाही.

"आई, ही उठत नाही."

"ऊब मिळालीय. झोपू दे." आईचा आवाज लांबून आल्यासारखा होता. तिनं कपाळ दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. मग ती एकदम बाजूला वळली आणि घमेल्यात ओकली.

ती तशीच वाकून राहिली. मला वाटलं आणखी ओकणार. पण ती घमेल्याकडं बघत नव्हती. ती शेगडीकडं बघत होती. तिनं सावकाश मान फिरवून खिडकीकडं, मग छताखाली मोखा होता तिथं पाहिलं. मग माझ्याकडं.

"तुझं डोकं दुखतंय?"

मी मान हलवली.

"कुठं? हितं, दोन्ही कानामागं?"

"हो."

आईनं आबांना हाक मारली. पहिली हाक माझ्याच कानाला धड ऐकू आली नाही. दुसऱ्या हाकेला आबा आले. दार अंगापुरतं उघडून आत शिरले आणि पाठीमागं लावून घेतलं.

"ती शेगडी बाहेर न्या," आई म्हणाली.

"का? काय झालं?"

"पोरगी उठंना."

आबांनी दोन पावलांत येऊन मुलीचा तळवा धरला. "गरम हाय की. आत्ता कुठं जीव धरलाय तिनं. बाहेर उणे पंधरा असंल. दार उघडलं तर दोन मिनटात..."

"अहो, दार उघडा."

"न्हाई उघडायचं."

आई उठली. भिंतीला धरून उठली. तिनं माझ्या मांडीवरून मुलीला उचललं, पदराखाली घेतलं आणि दाराकडं चालू लागली. आबा दारापुढं आडवे उभे राहिले. दोन्ही हात चौकटीला. आबा तसे उंच नव्हते, पण त्या दारात मला ते दारापेक्षा मोठे दिसले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

"अगं, मरंल ती. एक गेलं तेवढं बास न्हाई का?"

आई त्यांच्यासमोर थांबली. एकतीस वर्षांच्या संसारात तिनं त्यांना अहो-जाहोच केलं होतं. त्यांचं नाव मी तिच्या तोंडून फक्त उखाण्यात ऐकलं होतं.

"ज्ञानू," ती म्हणाली. "सरक बाजूला."

आवाज चढलेला नव्हता. लहान मुलाला चुलीपासून लांब करताना बोलावं तशी ती बोलली.

आबांचे हात चौकटीवरून खाली आले.

आई दारातून गेली, बाहेरची खोली ओलांडून गेली, पुढचं दार उघडून पायरी उतरली आणि गुडघाभर बर्फात बसली. बसली की पडली, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी तिच्या मागं निघाले होते, पण माझे पाय माझे नव्हते. मी उंबऱ्यापर्यंत पोचले आणि तिथंच आडवी झाले. तोंडावर गार हवा आली. ती मी पाण्यासारखी प्याले.

तिथून मला सगळं दिसत होतं. आईनं मुलीच्या अंगावरचं पांघरूण काढलं होतं. एकेक करून. दुपटं, लोकरीचं झबलं, कानटोपी. आबा दोन गोधड्या घेऊन तिच्याकडं धावले आणि तिनं कोपरानं त्यांना मागं सारलं. मग तिनं चिमूटभर बर्फ घेतला आणि मुलीच्या तळव्याला चोळला. त्याच तळव्याला. आबांनी तोंड फिरवलं.

अंगण पांढरं होतं आणि कुठंच काही हलत नव्हतं. आई तिच्या तोंडावर फुंकर घालत होती, थांबत होती, पुन्हा घालत होती. मी आकडे मोजायला लागले. एकोणपन्नासपर्यंत मोजले. मग एक आवाज आला. मांजराच्या पिल्लासारखा, चिरका, बारीक. तो थांबला. पुन्हा आला. आणि या वेळी थांबला नाही.

अंगणापलीकडून सनम मावशी धावत आल्या. त्यांनी आधी आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग सरळ घरात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात फडक्यांत धरलेली मोठी शेगडी होती. ती त्यांनी बर्फात पालथी केली. खूप वेळ चरचर होत राहिली. आम्हाला त्यांनी त्यांच्या घरी नेलं. तिथं तंदूर पेटलेला होता आणि छताखालच्या मोख्यातून आभाळाचा तुकडा दिसत होता.

त्याच दिवशी अंधार पडायच्या आत आबांनी आमच्या खोलीतली सगळी माती खरवडून काढली. सुरीनं, एकट्यानं, चार तास.

दुसऱ्या दिवशी आईनं त्यांच्यापुढं कप ठेवला. "अहो, चहा," म्हणाली. आबांनी घेतला. ते नाव पुन्हा कधी घेतलं गेलं नाही.

रस्ता तेरा दिवसांनी उघडला. त्याच्या आदल्या सकाळी आई माझ्या पाठीला तेल लावत होती. आबा दुकानात गेले होते. आईचे हात मध्येच थांबले.

"श्रीरंग गेला त्या दिवशी मी उठले ती डोकं धरूनच," ती माझ्या पाठीमागून म्हणाली. "हितंच. कानामागं. दोनदा ओकले. सगळ्यांना वाटलं, रडून रडून झालंय. पण शैला, मी त्याला बघायच्या आधीच ओकले होते."

मला वळून बघायचं होतं. तिनं माझे खांदे धरून ठेवले.

"आबा?"

"ते चारलाच उठून भट्टी पेटवायला गेले होते. त्यांना काहीच झालं न्हवतं."

"शेगडी कुणी ठेवली होती?"

तिनं तेल घेतलं, हात चोळले.

"त्यांनीच. माझ्या उशाशी. दाराला गोणपाट लावून गेले, आम्हाला वारं लागू नये म्हणून." मग म्हणाली, "मला ही पोरगी उठंना तोवर ठाऊक न्हवतं. आता हाय. त्यांना कळता कामा न्हाई. थंडीला शिव्या देत जगलाय माणूस. देऊ देत."

मी तिला वचन दिलं, आणि पाळलं. ते अवघड गेलं नाही, कारण आबांनी मला इतकी वर्षं काही विचारलंच नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी धंदा पुतण्याकडं सोपवला आणि दोघं विट्याला परतली. माझी मुलगी आता बत्तीस वर्षांची आहे. पुण्यात शिकवते. तिला धुराड्याची गोष्ट माहीत आहे, उधमपूरची नाही.

आई गेल्या महिन्यात गेली. झोपेत, फार त्रास न होता. चौदावा झाला, पाहुणे पांगले, आणि मी आणखी आठ दिवस आबांजवळ राहिले. ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. दुपारी अंगणात खुर्ची टाकून उन्हात बसतात. मी शेजारी पायरीवर वाटाणे सोलत होते.

"शैला," ते म्हणाले. त्यांचं लक्ष रस्त्याकडं होतं. "श्रीरंग गारठ्यानंच गेला, न्हाई का गं?"

"हो आबा," मी म्हणाले. "गारठ्यानंच."

त्यांनी मान हलवली. माझ्या ताटातली एक शेंग उचलली, सोलली, दाणे ताटात टाकले.

"तिला पण मी अधनंमधनं विचारायचो," ते म्हणाले. "ती पण अशीच लगेच हो म्हणायची."